रखमाबाईची फीत

लालफीत हा शब्द दत्ताजीरावांच्या घरात शिवीसारखा वापरायची कुणाची छाती नव्हती. बाहेर जगाने खुशाल वापरावा. वर्तमानपत्रात मोठाल्या अक्षरांत यायचं, लालफितीत पूल अडकला, लालफितीत दवाखाना अडकला, की दत्ताजीराव, म्हणजे घरचे आबा, चष्मा काढून खाटेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "फीत बिचारी काय करते? बांधते. अडकवणारा हात निराळा." कारण ती फीत या घराने तीन पिढ्या विणली होती. आधी आबांच्या आईने, रखमाबाईने, मग आबांनी, आणि आता त्यांच्या सुनेने, प्रेमलाने.

घर करजणजवळच्या एका गावात होतं. पूर्वज गायकवाडी फौजेतले शिपाई. तलवार गेली, बंदूक गेली, मागे विहिरीकाठचं एक शेत राहिलं आणि ओसरीवरचा हातभर रुंदीचा माग. शेतात कपाशी, मागावर फीत. रखमाबाई ऐन तारुण्यात विधवा झाली तेव्हा बडोद्याच्या वाडी भागातल्या एका विणकराच्या घरी बसून तिने हे काम उचललं होतं. लाल ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, डाव्या काठाला ती एक धागा बिनरंगाचा, पांढरा ठेवायची. म्हणायची, सगळं लाल सरकारात पाठवू नये, एक धागा घरचा असावा. आबांनी तो सोडला नाही. प्रेमलाने मात्र गेल्या वर्षापासून सोडला होता. व्यापाऱ्याने सांगितलं, नुसती लाल पाहिजे, पांढरा दोरा दिसला तर माल परत. तिने आबांना न विचारता ताणा भरला. आबा बघून गेले, आणि दोन दिवस जेवताना त्यांनी भाकरी मागून घेतली नाही.

मंगळवारी सकाळी प्रेमला आणि तिचा नवरा लक्ष्मण शेतात कापूस वेचत होते. बोंडांची टोकं वाळून सुईसारखी झालेली, बोटांच्या कडा फाटलेल्या. रंगाने आधीच तांबडी पडलेली तिची बोटं, त्यात रक्त कुठलं आणि रंग कुठला हे तिलाही कळत नव्हतं. कमरेला बांधलेली ओटी भरत आली होती, एवढ्यात बांधाला गाडी लागली.

उतरले फत्तेसिंहराव. आबांच्या चुलतभावाचे चिरंजीव, म्हणजे नात्याने पुतण्या. राहायला बडोद्यात, समा भागात, एका सोसायटीत. सोबत एक माणूस होता, तो मोजपट्टी काढून थेट कपाशीत घुसला.

"अहो, झाडं मोडतायत!" प्रेमला ओरडली.

"मोडू द्या वहिनी," फत्तेसिंहराव हसत म्हणाले. "पुढच्या वर्षी इथे गोदाम उभं राहणार. शुक्रवारी अकरा वाजता मामलतदारांकडे तारीख आहे, लक्षात आहे ने? कागद आणा. नाहीतर शेत एकत्र कुटुंबाचं. अर्धं माझं."

लक्ष्मण मान खाली घालून वेचत राहिला. असा त्याचा स्वभाव. आवाज चढला की हा खाली बघायचा. नवऱ्याच्या त्या वाकलेल्या मानेचा प्रेमलाला त्या क्षणी इतका राग आला की तिने ओटीतला कापूस मुठीत आवळला.

भांडण साधं होतं. शेत पूर्वी रखमाबाईच्या थोरल्या दिराच्या, म्हणजे फत्तेसिंहरावांच्या आजोबांच्या नावावर होतं. बासष्ट साली सरकारी हुकूम झाला की विहिरीकाठचा हा तुकडा धाकट्या भावाच्या विधवेचा, रखमाबाईचा, तिचा एकटीचा. आता आबा हयातीतच शेत लक्ष्मणच्या नावावर करायला गेले आणि फत्तेसिंहरावांनी हरकत घेतली. तलाटीकडची नक्कल पुराच्या वर्षी भिजून लगदा झाली होती. अस्सल हुकूम बडोद्याच्या रेकॉर्डरूममध्ये. आणि तिथून तीन महिने एकच उत्तर येत होतं.

"मिळत नाही ना?" गाडीत बसता बसता फत्तेसिंहराव म्हणाले. "जन्मभर लालफीत विकलीत, आता बसा तिच्यातच गुंडाळून."

मोजपट्टीवाल्याने मोडलेली झाडं प्रेमलाने मोजली नाहीत. बोंडं तेवढी तोडून घेतली.

बुधवारी ती स्वतः निघाली. आबांना म्हणाली, "तुम्ही चला. तिथे तुम्हाला सगळे ओळखतात. वर्षानुवर्षं माल तुम्हीच पोचवलात."

"माझे गुडघे दुखतात."

"काल तर विहिरीपर्यंत जाऊन आलात."

"दुखतात म्हटलं ना!" आबा एकदम कडाडले. पंचवीस वर्षांत सुनेवर त्यांचा आवाज असा चढला नव्हता. ती चपापली. मग लक्ष्मणला घेऊन करजणला आली आणि तिथून बडोद्याच्या बसमध्ये बसली.

रेकॉर्डरूमच्या खिडकीत केयूरभाई होता. तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. त्याने संगणकात बघितलं, मग वहीत बघितलं.

"नंबर छे, बेन. चारशे सतरा. वहीत आहे. पण गठ्ठो नथी. जागेवर नाही."

"मग कुठे असेल?"

"शोध घेण्यासाठी अरजी करा. तीस दिवस."

"तारीख परवा आहे हो, भाई."

"तो अरजंट लखो," केयूरभाई म्हणाला आणि फॉर्म पुढे सरकवला. अर्जंट लिहिलं की किती दिवस, असं तिने विचारलं. "तीस," तो म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

लक्ष्मण फॉर्म भरू लागला. प्रेमला दारातून आत बघत उभी राहिली. आत मांडण्यांचे घोडे एकावर एक, छतापर्यंत गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला लाल फीत. एवढी वर्षं तिने विणली, पण विणलेली फीत पुढे जाऊन काय करते हे पहिल्यांदाच पाहत होती. जुन्या, विटून विटेच्या रंगाच्या झालेल्या फितींना एकेक गोल पुठ्ठ्याची चकती शिवलेली होती, रुपयाएवढी. काठाला काळी रेघ आणि मधे शाईने आकडा.

तशी चकती तिने पाहिली होती. एकदा नाही, रोज.

माजघरात आबांची लाकडी पेटी होती. तिच्यात रखमाबाईचा विणायचा धोटा आणि मागाची फणी. पेटीची कडी तुटलेली, म्हणून ती एका जुन्या फितीने बांधलेली असायची. फितीला एक काळपट चकती लोंबायची. लग्न होऊन आल्यापासून प्रेमला ती पेटी पुसत होती. तिला वाटायचं, चकती कुठल्यातरी व्यापाऱ्याची असेल.

घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. आबा ओसरीवर ताणा लावत बसले होते. ती चपला न काढता माजघरात गेली, पेटी उचलून आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. पदराने चकती घासली. आकडा पुसट होता, पण होता. चारशे सतरा.

"आबा, हे काय आहे?"

आबांनी पेटीकडे बघितलंच नाही. हातातला धागा गुंडाळत राहिले, गुंडाळत राहिले, आणि मग धागा तुटला.

"सत्त्याण्णव साल होतं," ते म्हणाले. "नवी फीत घेऊन गेलो होतो. साहेब म्हणाले, दत्ताजीराव, जुन्या फिती कुजल्यात, आमच्या शिपायांबरोबर बसून बदलून द्या. तीन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी हा गठ्ठा हातात आला. सोडला तर आतल्या कागदावर आईचं नाव. रखमाबाई. आणि बांधलेला आईच्याच फितीने. हा बघ." त्यांनी फितीचा डावा काठ तिच्यापुढे धरला. मळलेला, पण वेगळा दिसणारा एक धागा. "हात तिचाच. ती फणी जरा तिरकी मारायची. तिचं नाव आणि तिची फीत, सरकारच्या घोड्यावर धूळ खात. मला राहवलं नाही गं."

"आणि चकती?"

"चकती काढून नव्या फितीला लावायची होती. तेवढ्यात साहेब आले. मी आईची फीत खिशात टाकली आणि गठ्ठा माझ्या फितीने बांधून ठेवला. घरी आल्यावर पाहिलं, चकती जुन्या फितीलाच." आबांनी चकती मुठीत झाकली. "उद्या नेऊन देऊ, उद्या नेऊन देऊ, असं म्हणत राहिलो. मग लाज वाटू लागली."

लक्ष्मण दारात उभा होता. "म्हणजे गठ्ठ्याचा नंबर तुमच्यामुळेच..." एवढंच म्हणाला. तीन महिने तो त्या खिडकीसमोर हात जोडत होता.

प्रेमलाला ओरडायचं होतं. पण समोर ऐंशीला टेकलेला माणूस आईच्या फितीचं टोक तळहातावर घेऊन बसला होता. तिने पेटीची फीत सोडवली आणि आबांच्या कोटाच्या खिशात घातली. "सकाळी सहाची बस आहे," ती म्हणाली. "गुडघ्याला तेल लावून देते."

गुरुवारी रेकॉर्डरूममध्ये केयूरभाईने तोच फॉर्म पुन्हा पुढे केला. पण आतून वसंतराव बाहेर आले, तिथले जुने रेकॉर्डकीपर. निवृत्तीला चार महिने उरलेले. आबांना पाहून त्यांनी नाकावरचा रुमाल काढला.

"दत्ताजीराव! किती वर्षांनी! अहो, आता येते ती फीत बघा, दोनदा गाठ मारली की काठ सुटतो."

प्रेमलाने नजर वळवली. ती फीत तिनेच विणलेली होती.

खिशातल्या वस्तूबद्दल आबा बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की नंबर निघून गेला असेल. वसंतरावांनी त्यांना मागच्या खोलीत नेलं. बेनंबरी गठ्ठे तिथे टाकलेले, जमिनीपासून खांद्यापर्यंत. "हे दोन-अडीचशे. एकेक उघडून वाचायला मला महिना लागेल. माणूस कुठे आहे?"

"उघडायची गरज नाही," प्रेमला म्हणाली. "डाव्या काठाला पांढरा दोरा असेल."

ती, लक्ष्मण आणि आबा खाली बसले. धुळीने घसा कोरडा पडला. लक्ष्मण गठ्ठे उतरवत होता, प्रेमला फितीचा काठ नखाने घासून बघत होती. पांढरा दोरा निघाला, एकात नाही, चाळीसेक गठ्ठ्यांत. आबांनी तीन दिवस तेच तर केलं होतं. मग आबा गाठी बघू लागले. शिपायांनी मारलेल्या निरगाठी त्यांनी बाजूला सारल्या.

दुपारी वसंतराव चहा घेऊन आले. कागदांवर सांडू नये म्हणून उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलले. "फत्तेसिंहराव काल येऊन गेले. म्हणाले, लालफितीत अडकलंय ते अडकू द्या. लोक बोलतात, पण त्या शब्दाची गोष्ट कुणाला ठाऊक नसते. स्पेनचा कोणी राजा होता म्हणतात, चार-पाचशे वर्षांपूर्वीचा. बाकीचे कागद सुतळीत बांधायचे. राजाने लगेच हातात घ्यायचे, तेवढेच लाल फितीत. ते बघून इतर दरबारांनी उचललं, विलायतेतल्या वकिलांनी उचललं, आणि गोऱ्या साहेबाबरोबर ते इथे आलं."

"म्हणजे लाल म्हणजे हे आधी बघा?" आबांनी विचारलं.

"आधी बघा."

आबांनी हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मग खोलीभर पाहिलं. सगळ्यालाच लाल बांधून ठेवलं, म्हणून कशाकडेच बघायचं राहिलं, असं प्रेमलाच्या मनात आलं. तिचा चहा निवून गेला होता. घड्याळात तीन वाजले होते, आणि खिडकी पाचला बंद व्हायची.

चारच्या सुमाराला आबांचा हात थांबला. "ही माझी गाठ," ते म्हणाले. सुरगाठ होती. टोक ओढलं आणि अठ्ठावीस वर्षांची गाठ एका ओढीत सुटली. आत पिवळे पडलेले कागद, वर लाखेचा शिक्का अखंड, आणि ठळक अक्षरांत नाव, रखमाबाई.

लक्ष्मण भिंतीला टेकून रडू लागला. प्रेमलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मंगळवारचा राग तिने तिथेच गिळला.

पण केयूरभाई कागद घेईना. "नंबर क्यां छे? नंबर नाही तर हा गठ्ठा चारशे सतराच, हे कशावरून? उद्या सामेवाळी पार्टी म्हणेल, तुम्हीच आणून ठेवलात. माझी नोकरी जाईल, बेन."

त्याचंही खोटं नव्हतं. लक्ष्मणने आबांकडे पाहिलं, प्रेमलाने पाहिलं नाही. आबा हळूहळू उठले, कोटाच्या खिशातून फीत काढली आणि चकतीसकट मेजावर ठेवली.

"दत्ताजीराव," वसंतराव खालच्या आवाजात म्हणाले, "हे सरकारी रेकॉर्डमधून नेलंत? हे लेखी द्यावं लागेल. गुन्हा होऊ शकतो."

"कागद द्या," आबा म्हणाले. "लिहितो."

त्यांनी लिहिलं. अक्षर जुन्या वळणाचं, सुरेख. पाचला पाच मिनिटं कमी असताना वसंतरावांनी फीत, गठ्ठा आणि जबाब एका पाकिटात घालून मोहोर केली आणि सकाळी आपण स्वतः ते नोंदवहीसकट करजणला घेऊन येतो म्हणाले.

शुक्रवारी अकरा वाजता मामलतदारांच्या खोलीत पंखा गरगरत होता. मामलतदारीणबाई वयाने लहान, चेहरा थकलेला. पाकीट उघडलं तसे फत्तेसिंहराव उभे राहिले.

"साहेब, हे रेकॉर्ड यांनी फोडलेलं आहे! स्वतःच कबूल केलंय. असल्या कागदावर निकाल?"

"काका, तुम्ही फीत का नेली?" बाईंनी गुजरातीत विचारलं.

आबा उभे होते. प्रेमलाने त्यांचा दंड धरला होता.

"माझ्या आईच्या हातची होती, साहेब," आबा गुजरातीतच म्हणाले. "कागदाला मी हात लावला नाही. कागद सरकारचा. फीत पण सरकारचीच होती, विकलेली. ते मला तेव्हा समजलं नाही. शिक्षा काय ती मला द्या. शेत आईचं आहे, ते कागद सांगेल."

"सांगायला काय, काहीही सांगतील," फत्तेसिंहराव म्हणाले. "लालफीतवाले!"

बाईंनी हात वर केला. त्यांनी लाखेचा शिक्का उजेडाकडे धरला, वहीतला आकडा पाहिला, चकतीवरचा आकडा पाहिला. चकतीच्या मागे बासष्ट सालच्या कुणा कारकुनाची सही होती. तीच सही वहीत चारशे सतराच्या ओळीत. मग त्यांनी हुकूम वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. विहिरीकाठचं शेत रखमाबाईचं, तिचं एकटीचं.

"हरकत फेटाळली," त्या म्हणाल्या. "मुलाच्या नावाची नोंद मंजूर. आणि काका, तुमचा जबाब फाइलला राहील. गुन्हा मी नोंदवत नाही. पण ही फीत चकतीसकट पुन्हा गठ्ठ्याला लागली पाहिजे."

फत्तेसिंहराव खुर्ची मागे ढकलून बाहेर गेले. लक्ष्मणने हात जोडले. आबा मात्र मेजावरच्या दोन फितींकडे बघत होते, एक त्यांची, एक आईची.

वसंतरावांनी आबांची फीत उचलून पुढे केली. "ही तुमची. घेऊन जा."

"ती पण विकलेली आहे," आबा म्हणाले. "माझी नाही." त्यांनी हात मागे घेतला. आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते कुणापासून लपवावं असं त्यांना वाटलं नाही.

शिपायाने रखमाबाईची फीत गठ्ठ्याभोवती फिरवली, करकचून आवळली आणि निरगाठ मारू लागला. जुना काठ ताणला गेला. आबांचा हात आपोआप पुढे आला आणि अर्ध्यातून मागे गेला.

प्रेमला आजवर कुठल्याच कचेरीत मोठ्याने बोलली नव्हती. "भाई, सोडा ती," ती म्हणाली. "त्यांना बांधू द्या."

शिपायाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

आबांनी गठ्ठा स्वतःकडे ओढला. डावा काठ वर राहील अशी फीत फिरवली, चकती मधोमध आणली. सुरगाठ मारली. टोक ओढून ती सुटते ना, हे पाहिलं. सुटली. मग त्यांनी ती पुन्हा मारली आणि गठ्ठा मेजावर पुढे सरकवला.